मुशी, भरती आणि जबाबदारी

सोनपेठच्या व्यासपीठावरून समुद्रस्नानाविषयी बोलावयाचे ठरले, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायचे पाणी टँकरने येते, आणि तुम्ही लोकांना समुद्रात कसे उतरावे ते सांगणार?" प्रश्न थट्टेचा होता, पण फोल नव्हता. येथून जवळात जवळचा समुद्र रस्त्याने साडेचारशे किलोमीटरांहून दूर आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतील बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. त्यांची गंगा म्हणजे गोदावरी, आणि पर्वकाळी अंग बुडवावयाचे ते गंगाखेडच्या घाटावर. आता तसे राहिलेले नाही. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, कापसाचे नाही तर उसाचे चार पैसे हाती आले, की तीन-चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवितात आणि अष्टविनायक करीत करीत गणपतीपुळे, हरिहरेश्वर, अलिबाग गाठतात. गाडीत आजी असते, कडेवरचे मूल असते, आणि विहिरीत उडी मारून तळाची माती वर आणणारे दोन-तीन तरणेबांड पोर असतात. समुद्रावर पोहोचल्याबरोबर चपला वाळूत पडतात आणि सगळे पाण्याकडे धावतात. या धावण्याचा आणि त्यातून होणाऱ्या अपघातांचा इतिहास हा आमचा आजचा विषय आहे.

आम्ही काही समुद्रशास्त्राचे अभ्यासक नव्हे. आमचे आयुष्य हमाल, जिनिंग-प्रेसिंगचे कामगार आणि ऊसतोडणीचे मजूर यांच्या संघटनेत गेले. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. त्यामुळे कोठेही अपघाताची बातमी वाचली, की आम्ही ती आमच्या धंद्याच्या डोळ्याने वाचतो. आमच्या धंद्यात अपघात झाल्यावर पहिला प्रश्न निघतो तो असा, की चूक कोणाची? आणि पंचनामा होण्याआधीच त्याचे उत्तर तयार असते : ज्याचा हात गेला त्याची. समुद्रावर माणूस बुडाला म्हणजेही हेच उत्तर ऐकू येते. हे उत्तर आले कोठून, आणि ते कितपत खरे आहे, हे पाहू.

आधी मुशीचे बोलून घेऊ, कारण मुले तेच पहिल्यांदा विचारतात. ज्या माशाला आपण शार्क म्हणतो त्याला कोकणात मुशी म्हणतात, लहान जातींना मोरी म्हणतात, आणि मालवणाकडे मोरीचे कालवण आवडीने खातात. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर माणसाने मुशी खाल्ल्याची उदाहरणे रोजची आहेत. उलट उदाहरणे फारच विरळा. तशी ती अगदी नाहीत असे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरावयास उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा मुशीने लचका तोडला. तो वाचला, पण जखम भयंकर होती. नदीच्या पाण्यात मुशी कशी, असे लोकांना नवल वाटले. मुशीची एक जात अशी आहे की तिला गोडे पाणीही चालते, आणि खाडीतून ती नदीत बरीच आत शिरते. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पन्नासाहून अधिक भाविकांना पाकट माशांचे काटे आणि जेलीफिश बोचले होते. पाकट हा मुशीचाच चुलत भाऊ; तो वाळूत चपटा होऊन पडलेला असतो, आणि कोणी पाय दिला म्हणजे शेपटीचा काटा मारतो. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालले, तर तो आधीच निघून जातो. किनाऱ्यावरच्या माणसांना हे माहीत असते. दुरून आलेल्यांना कोणी सांगितलेले नसते.

साऱ्या जगाचा हिशेब घेतला तर, मुशीने आपण होऊन माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास होतात, असे अमेरिकेतील फ्लोरिडा येथील नोंदवही सांगते. त्यांत मरणारे बहुधा दहाच्या आत. आणि नुसते पाण्यात बुडून मरणारे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी सुमारे ३ लाख हा आकडा दिला आहे. आपल्या देशात दरसाल तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. मुशीचा सिनेमा १९७५ साली निघाला आणि जगभर गाजला. विहिरीत बुडालेल्या पोराचा सिनेमा कोणी काढला नाही.

तरीही मुशीची एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण जबाबदारीचा प्रश्न तीत स्वच्छ दिसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. १९१६ च्या जुलैत तेथे उष्म्याची लाट होती, शहरांत बालपक्षाघाताची साथ होती, आणि लोक मुलांना घेऊन समुद्राकडे धावत होते. १ जुलैला एका सुखवस्तू घराण्यातील तरुणाला किनाऱ्यालगत मुशीने धरले, आणि तो मेला. वर्तमानपत्रांनी बातमी लहान अक्षरांत छापली. किनारे उघडेच राहिले. जाणते लोकही म्हणत होते, की मुशी जिवंत माणसावर हल्ला करीत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, १८९१ साली, एका धनिकाने असा हल्ला सिद्ध करून दाखविणाऱ्यास पाचशे डॉलरचे बक्षीस लावले होते, आणि ते कोणी नेले नव्हते. त्या बक्षिसाच्या भरवशावर सारा किनारा निर्धास्त होता, असे म्हणावयास हरकत नाही. ६ जुलैला दुसरा बळी पडला. हा तेथल्या एका मोठ्या हॉटेलातील नोकर. पाहुण्यांच्या दिमतीला असे, आणि आपली मिळकत दूर स्वित्झर्लंडमध्ये आईला पाठवीत असे. त्याच्या आईसाठी हॉटेलातल्या पाहुण्यांनी आणि नोकरांनी वर्गणी जमविली. आमच्यासारख्याच्या मनात येते ते हे, की वर्गणी जमवावी लागली. हक्काने मिळणारे असे काही नव्हते.

तिसरी घटना १२ जुलैची. मटावान हे उघड्या समुद्रापासून बरेच आत, खाडीच्या काठी वसलेले गाव. एक निवृत्त तांडेल पुलावरून जात असताना त्याला खाली पाण्यात मोठी मुशी वर चढताना दिसली. तो धावत गावात गेला, लोकांना सांगितले, पोरांना ओरडून सांगितले. लोक हसले. खाडीत मुशी कशी येईल? टोपल्यांच्या कारखान्यात राबून थकलेली मुले नेहमीप्रमाणे डुंबावयास गेली, आणि त्यांतला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा पाण्याखाली ओढला गेला. त्याला काढावयास गावातला चोवीस वर्षांचा शिंपी पाण्यात उतरला. त्यालाही मुशीने धरले आणि तोही गेला. थोडे पलीकडे आणखी एका मुलाचा पाय धरला गेला. तो मात्र वाचला. बारा दिवसांत पाच हल्ले आणि चार मृत्यू.

आता येथे चूक कोणाची? पोरांची म्हणावी, तर त्यांना शहाण्यासुरत्या माणसांनीच सांगितले होते की भय नाही. मेलेल्या शिंप्याची म्हणावी, तर तो दुसऱ्याचे पोर काढावयास गेला होता. तांडेलाने आपले काम केले होते. पण त्याचे शब्द ऐकून पाण्यावर पहारा बसवील, घंटा वाजवील, घाटावर माणूस उभा करील अशी व्यवस्था गावात नव्हती. एकट्या माणसाची हाक आणि गावाची दवंडी यांत फरक आहे. हाकेला हसता येते.

आता थोडे कारखान्याकडे वळू. हा विषयांतराचा दोष नाही. "चूक त्याचीच" या उत्तराचा जन्मच तेथे आहे. १८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीवरून माल नेत होता. गाडीवर भार फार झाला होता. ती मोडली, आणि पोराची मांडी मोडली. पंचांनी त्याला शंभर पौंड भरपाई दिली. वरच्या न्यायालयाने ती काढून घेतली. न्यायाधीशाचे म्हणणे असे, की धोका नोकरालाही मालकाइतकाच दिसत होता, आणि नको वाटले तर त्याने गाडीवर बसावयास नको होते. या एका निकालाने कामगाराच्या पायांत बेडी पडली. यंत्रात हात गेला, बॉयलर फुटला, खाण ढासळली, प्रत्येक वेळी हेच : तुला धोका ठाऊक होता, तू आपखुशीने आलास, तुझेच दुर्लक्ष झाले. नको म्हणण्याची सोय पोटाला असती, तर कोण त्या गाडीवर बसले असते?

ही बेडी तुटावयास साठ वर्षे लागली. इंग्लंडात १८८० आणि १८९७ चे कायदे आले. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचे मर्म असे होते, की काम करताना इजा झाली तर भरपाई द्यावयाची. मालकाची चूक कामगाराने शाबीत करीत बसावयाचे नाही. अपवाद ठेवले होते. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, यंत्रावरचे संरक्षक आवरण मुद्दाम काढले असेल, तर मालक सुटे; आणि पुढे दुरुस्ती झाल्यावर, कामगार दगावला असेल तर मालकाला हीही सबब सांगता येईना. हे अपवाद नीट पाहा. हुकूम मोडला असे म्हणावयास आधी हुकूम दिलेला असावा लागतो. आवरण काढले म्हणावयास आधी आवरण बसविलेले असावे लागते. म्हणजे कायद्याने कामगाराची जबाबदारी पुसून टाकली नाही. त्याच्या जबाबदारीला सुरुवात कोठे होते, तेवढे त्याने ठरवून दिले.

आमच्याच कामातले एक उदाहरण सांगतो. गाव आणि मालक यांची नावे राहू द्या. सरकी काढण्याच्या जिनात एका बाईची तीन बोटे गेली. मालकाच्या वकिलाने सांगितले, की बाई बोलण्याच्या नादात होती. आम्ही यंत्र पाहावयास गेलो. त्याची जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि तिच्यावर इतकी धूळ बसली होती, की बोटाने नाव लिहावे. बाई बोलत होती हे खरेच होते. दहा तास उभ्याने काम करणारे माणूस बोलणारच. तेवढ्यासाठी तर जाळी असते.

हे सगळे समुद्राला कसे लागू पडते, ते आता सांगावयास हवे. समुद्रावर मौजेसाठी जाणे ही श्रीमंतांची चाल होती. अठराव्या शतकात इंग्लंडातील बडे लोक प्रकृतीसाठी म्हणून समुद्रस्नान करू लागले. सामान्य माणूस तेथे पोहोचला तो दोन गोष्टींमुळे : आगगाडी आणि सुटी. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मजूर ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटले ते १८४६ साली तेथे आगगाडी गेल्यावर. सुटी काही आपोआप मिळाली नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना हाक दिली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुटी मान्य केली. चौपाटीवर रविवारी जी गर्दी उसळते तिच्या मुळाशी ही सुटी आहे. आम्ही तर म्हणू, की समुद्रावर खिदळणारे प्रत्येक मजुराचे पोर लोखंड्यांचे देणे लागते.

याचे दुसरे टोक ऑस्ट्रेलियात पाहावयास मिळते. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली आठ तासांचा दिवस मिळविला. तेथील मजुराजवळ वेळ होता, ऊन होते, समुद्र होता. पण दिवसाउजेडी उघड्यावर समुद्रस्नान करण्यास सिडनीकडे कायद्याने बंदी होती. कारण सुरक्षेचे नव्हे, सभ्यतेचे! १९०२ साली एका वर्तमानपत्राच्या संपादकाने भर दिवसा पाण्यात उतरून ती बंदी मोडली आणि पुढे ती ढिली झाली. मग लोकांच्या झुंडी आल्या, आणि झुंडींबरोबर बुडणेही आले. तेव्हा तेथल्या लोकांनी काय केले? बुडणारे बेफिकीर म्हणून स्वस्थ बसले नाहीत. १९०७ च्या सुमारास किनाऱ्याकिनाऱ्यावर जीवरक्षकांची मंडळे निघाली. कारकून, सुतार, दुकानातले नोकर सुटीच्या दिवशी पाळीपाळीने पहारा करू लागले. मोठ्या रहाटावर गुंडाळलेला दोर, दोराचे टोक एका पोहणाऱ्याच्या कमरेला, आणि बाकीचे ओढावयास, असे त्यांचे साधन होते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर एकामागून एक प्रचंड लाटा आल्या आणि शेकडो माणसे एकदम आत ओढली गेली. जीवरक्षक शर्यतीसाठी म्हणून त्या दिवशी मोठ्या संख्येने जमलेले होते. त्यांनी अडीचशेच्या आसपास माणसे बाहेर काढली. पाच दगावली. व्यवस्था नसती तर आकडे उलटे असते. मुशींसाठीही सिडनीने १९३७ पासून पाण्यात जाळी लावली, पण त्या जाळ्यांत कासवे, डॉल्फिन अशी निरुपद्रवी जनावरेही अडकून मरतात, म्हणून त्यांच्याबद्दल तेथे वाद आहे. तो वाद त्यांचा त्यांना. माणसे वाचली ती मुख्यतः पहाऱ्याने.

आता आपल्या किनाऱ्यावर या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची शंभराहून अधिक जणांची सहल मुरूडला गेली होती. चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी, बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. काहींना स्थानिकांनी ओढून काढले. दोन्ही वेळा मुशीचा काही संबंध नव्हता. दोन्ही वेळा बुडालेली मुले घाटमाथ्यावरची होती. आणि दोन्ही वेळा चहाच्या टपऱ्यांवर आम्ही तेच उत्तर ऐकले : आजकालची पोरे ऐकतच नाहीत.

पोरे ऐकत नाहीत हे आम्हीही जाणतो. आमच्याही घरी पोरे आहेत. पण त्यांना काय ऐकवावयाचे हे तरी आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात का बुडतो, हे आमच्या भागात कोणी शिकविले आहे? विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. दमले की कडेचा दगड धरावा. नदीचे पाणी एका दिशेला वाहते, आणि ती दिशा डोळ्यांना दिसते. समुद्राची गोष्ट निराळी. लाटा किनाऱ्याकडे येतात म्हणून आपल्याला वाटते, की पाणी आपल्याला बाहेरच ढकलीत आहे. परंतु लाटांनी आत आणून टाकलेले पाणी परत कोठून तरी जावयास हवे. ते वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने परत जाते. त्या जागी लाट फुटत नाही. पाणी शांत आणि थोडे काळसर दिसते. नवखा माणूस नेमकी तीच जागा लेकराबाळांसाठी निवडतो, कारण ती निवांत दिसते! त्या ओढीत सापडलेला पट्टीचा पोहणारादेखील किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत राहिला, तर दमून बुडतो. तिच्याशी झुंजू नये, अंग तरंगते ठेवावे, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जावे, पट्टा ओलांडला की मग वळावे. आणि ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. ही विद्या चार वाक्यांची आहे. ती न सांगता माणसाला बेफिकीर ठरविणे म्हणजे जाळी भिंतीला टेकवून ठेवून बाईला दोष देणे होय.

गोव्याने यातून काही शिकले. २००८ सालापासून तेथल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले गेले. तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्ये स्नान करावे, नुसते तांबडे निशाण असेल तर पाण्यात उतरू नये, ही रीत तेथे बसली. काम कंत्राटाने दिलेले होते. त्यामुळे पुढे व्हावयाचे ते झालेच. उन्हात उभे राहून दुसऱ्याचा जीव राखणाऱ्या या मुलांना स्वतःच्या नोकरीची शाश्वती नव्हती. सरकारने आपल्याला थेट आपल्याकडे घ्यावे म्हणून त्यांनी संप केले. पर्यटकांची गैरसोय झाली म्हणून काहींनी त्यांना नावे ठेविली. आमचे मत विचाराल, तर किनाऱ्यावरची सुरक्षा ही आधी त्या मुलाच्या पगाराची गोष्ट आहे. आपल्या कोकणात मुंबईबाहेर काही गर्दीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक दिसतात, पुष्कळ किनाऱ्यांवर नुसती पाटी दिसते. पाटी ओरडत नाही, आणि दोरही टाकीत नाही.

जबाबदारीची वाटणी कशी करावी, याचा एक अलीकडचा निकाल मोठा बोलका आहे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरली होती. वरच्या जलविद्युत प्रकल्पातून एकाएकी पाणी सुटले आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. येथेही, मुले पात्रात उतरलीच का, असा प्रश्न निघाला. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये प्रत्येक कुटुंबाला वीस लाख रुपये द्यावयास सांगितले, आणि त्याचे हिस्से पाडले : साठ टक्के वीज मंडळाने द्यावेत, तीस टक्के महाविद्यालयाने, दहा टक्के राज्य सरकारने. बेरीज शंभर झाली. मेलेल्या मुलांच्या वाट्याला त्यातले काही उरले नाही.

ही गोष्ट आम्हां सोनपेठकरांना समुद्रापेक्षाही जवळची आहे. आमच्या गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, खडका असे बंधारे आहेत. खडक्याचे पाणी परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राला जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. वर जायकवाडीतून पाणी सोडले, दरवाजे उचलले, म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या पात्रात पाणी चढते. पात्रात धुणे घेऊन बसलेल्या बायका, वाळूत खेळणारी मुले, पलीकडच्या मळ्यात गेलेला गडी यांना ते कोण सांगते? पूर्वी दवंडी होती. आता फोनवर निरोप फिरतो. ज्याच्या हाती फोन नाही, किंवा ज्याच्या फोनला त्या वेळी रेंज नाही, त्याने पाणी पाहून समजावयाचे. ग्रामसभेत हा प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो पावसाळ्याआधी विचारावयाचा आहे.

मग कुटुंबाच्या माथी काहीच जबाबदारी नाही काय? आहे, आणि ती फार मोठी आहे. आम्ही कामगारांनाही हेच सांगतो, की जाळी बसली म्हणजे मग ती काढावयाची नाही. समुद्रावर गेलेल्या कुटुंबात एक तरी मोठे माणूस कोरडे, काठावर उभे राहून, नुसते मोजीत असावे : किती उतरले, किती दिसत आहेत. त्याच्या हातात फोन नसावा, कारण फोटो काढणारा माणूस पाहत नसतो. लहान मूल हाताच्या अंतरापलीकडे जाऊ देऊ नये. गुडघाभर पाण्यातही मागे सरणारी लाट त्याच्या पायाखालची वाळू काढून घेते. दारू पिऊन उतरणारास घरच्यांनीच धरून ठेवावे. कोणी बुडू लागला तर मागोमाग उडी टाकू नये. घागर, रिकामा डबा, दोरी, सोडलेले लुगडे, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेकावे. एकाला काढावयास गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण आपल्याच शेततळ्यांच्या वाचतो. आणि पावसाळ्यात तर उतरूच नये. कोळी मंडळी पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग पुन्हा समुद्रात जात. आता सरकारनेही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेविली आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते ज्या महिन्यांत आत जात नाहीत, त्या महिन्यांत सहलीला आलेल्याने छातीभर पाण्यात कशाला जावे?

एक जुना संकेत सांगतात, की समुद्राला एरवी स्पर्श करू नये, पर्वकाळीच करावा. अमावास्या-पौर्णिमा हे ते पर्वकाळ. पण नेमके तेव्हाच उधाण असते, म्हणजे पाणी अधिक चढते आणि अधिक जोराने उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. पुण्य पर्वकाळी घ्यावे, पण ते काठावर ओंजळीने घ्यावे.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत सोपी आहे, आणि ती आमच्याकडच्या पंचांगावरून कोणालाही काढता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर बाराच्या सुमारास. सकाळी तीच आणि संध्याकाळीही तीच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे पाऊण तासाने पुढे सरकते. वेळ ढोबळ आहे. गावागावाप्रमाणे थोडी मागेपुढे होते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिल्यांदा जाळे विणीत बसलेल्या एखाद्या कोळीदादांपाशी जावे, राम राम घालावा आणि विचारावे, "दादा, पाणी चढते आहे की उतरते आहे? आणि पोरांनी कोठे उतरू नये?" दुसरा प्रश्न विसरू नये. जागा त्यांनाच ठाऊक असते, आणि विचारल्याखेरीज ते सांगतीलच असे नाही. मटावानच्या तांडेलाला लोक हसले होते, तसे त्यांनाही पुष्कळ जण हसून गेलेले असतात.